एकपासून नऊपर्यंत आणि परत

पुढील संख्या एकदा नीट पाहून घ्या :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढत जाणारी आणि तशीच पायरीपायरीने उतरणारी ही सतरा अंकी संख्या आहे. ती वाचायला गेलो तर आपली नेहमीची स्थाने कोटी-अब्जापाशीच संपतात. भास्कराचार्यांनी 'लीलावती'मध्ये दसपटीने वाढत जाणाऱ्या स्थानांची अठरा नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी ती नावे आहेत. त्यांतील पहिल्या सतरा नावांत आपली संख्या बरोबर बसते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, असे करीत नऊ अर्बुदांपर्यंत चढायचे आणि मग आठ कोटी, सात प्रयुत असे उतरत शेवटी एककाच्या स्थानी एकावर यायचे. परार्धाची जागा तेवढी रिकामी राहते.

ही संख्या कोणी अंक मांडून बनवलेली नाही. ती एका वर्गसंख्येच्या रूपाने आपोआप मिळते. नऊ वेळा एक हा अंक लिहिला की जी संख्या होते, तिचा हा वर्ग आहे :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

हा गुणाकार यंत्रावर करून पाहणाऱ्याला एक गंमत दिसेल. दहा अंकी वैज्ञानिक कॅल्क्युलेटर १.२३४५६७८९९ आणि दहाचा सोळावा घात असे सांगून मोकळा होतो. एक्सेलसारखी स्प्रेडशीट पहिले पंधरा अंकच नेमके ठेवते, म्हणून तिच्यात शेवटी २१ ऐवजी ०० दिसते. संगणकात दशांश संख्यांसाठी सर्रास वापरली जाणारी ६४ बिटांची मांडणी याहून थोडी पुढे जाते, पण शेवटचा अंक तिलाही साधत नाही. तिच्यात सलग सगळे पूर्णांक नेमके लिहिता येतात ते २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. त्यापुढे लगेच एकाआड एक संख्या गळतात, आणि गळतात त्या विषम संख्या. त्यामुळे उत्तर ...३२० असे येते. दोन विषम संख्यांचा गुणाकार सम कसा येईल, हा प्रश्न आठवीतला विद्यार्थीही विचारू शकतो. कागदावर मात्र हा गुणाकार पाच मिनिटांत बिनचूक होतो आणि त्यात पाढेही लागत नाहीत. तो कागदावरच करावा असे मी सुचवीन, कारण पुढची सगळी गोष्ट त्या मांडणीतच दडलेली आहे.

या संख्येचे नाशिकशी नाते आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म डहाणू, १७ जानेवारी १९०५) हे १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळेत शिक्षक होते. ठाण्यातील शाळा, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक आणि १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. एवढे त्यांचे औपचारिक शिक्षण. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधन संस्थेतील जागा नाही. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' आता पाठ्यपुस्तकांतून आणि कोड्यांच्या पुस्तकांतून सगळीकडे पोहोचला आहे, म्हणून त्याविषयी इथे लिहीत नाही. त्याच्या आधी, तिशी ओलांडताना, कापरेकर ज्या संख्यांच्या नादी लागले होते त्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' असे नाव दिले होते. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या स्थानकात या संख्यांची कल्पना त्यांना सुचली आणि त्या स्थानकाचेच नाव त्यांनी संख्यांना दिले, अशी नोंद आहे. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. गाडीची वाट पाहताना माणूस काय करू शकतो याचा हा चांगला नमुना म्हणायला हवा.

डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. मधल्या भागात एकच अंक पुन्हा पुन्हा येतो आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली तरी त्याच अंकाची माळ मिळते. उदाहरणार्थ २५५५३. डावीकडे २, उजवीकडे ३, बेरीज ५ आणि मध्ये ५५५. आता १२३२१ घ्या. मधला ३ बाजूला ठेवला तर १२ + २१ = ३३. आणि आपली सतरा अंकी संख्या? मधला ९ बाजूला ठेवा :

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

१, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा या खास मालिकेला कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले. त्यावरचा त्यांचा लेख १९३८ साली 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आला आणि पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला 'डेम्लो संख्यांचा सिद्धांत' मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

आता ही चढण आणि उतरण का येते ते पाहू. नुसत्या एक या अंकाने लिहिलेल्या संख्येला आपण या लेखापुरते 'एकपंक्ती' म्हणू. चार अंकी एकपंक्तीचा वर्ग असा मांडतात :

　　　११११
　　११११
　११११
११११
──────────
१२३४३२१

(छपाईत अंक एकाखाली एक नीट न आल्यास चौकटींच्या वहीत मांडून घ्यावे. प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते.) चार ओळी, प्रत्येकीत चार एक. उजवीकडून पाहिले तर पहिल्या स्तंभात एकच एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार, आणि मग पुन्हा तीन, दोन, एक. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या स्तंभात किती एक आहेत याची मोजणी. इथून अंकांच्या बेरजेचाही उलगडा होतो. चार ओळींत चार-चार मिळून एकूण १६ एक आहेत, म्हणून १ + २ + ३ + ४ + ३ + २ + १ = १६. नऊ अंकी एकपंक्तीत ही बेरीज ८१ होईल.

हीच मोजणी दुसरीकडेही भेटते. दोन फासे टाकले तर बेरीज २ येण्याचा एक मार्ग, ३ येण्याचे दोन, ४ चे तीन, आणि ७ चे सर्वांत जास्त म्हणजे सहा. पुढे ८ चे पाच, ९ चे चार, असे उतरत १२ चा पुन्हा एकच. ओळीने लिहा : १२३४५६५४३२१. सहा अंकी एकपंक्तीचा हाच वर्ग आहे. फाशाला सहा बाजू, पंक्तीत सहा एक. संभाव्यता शिकवताना ३६ शक्यतांचा तक्ता सगळेच काढतात. तो तक्ता तिरपा करून वाचला की वरचीच मांडणी होते. ही संख्या आपल्याकडे फार जुनी आहे. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या म्हणून तिचा उल्लेख येतो.

नऊ अंकी एकपंक्तीपर्यंत सर्व ठीक चालते. कोणत्याही स्तंभात नऊपेक्षा जास्त एक येत नाहीत, त्यामुळे हातचा घ्यावा लागत नाही. दहा अंकी एकपंक्तीत मधल्या स्तंभात दहा एक येतात. तिथे शून्य लिहून एक हातचा घ्यायचा. डावीकडच्या स्तंभात नऊ आहेत, त्यात हातचा मिळवला की पुन्हा दहा, म्हणजे पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ, हातचा धरून नऊ. इथे गडबड थांबते. उत्तर असे येते :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडच्या चढणीतला ८ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली, आणि उलटसुलट सारखी वाचता येण्याचा गुणही गेला. (१२३४५६७९ या आठ नसलेल्या संख्येला ९ ने गुणून १११११११११ मिळवण्याचा खेळ अनेकांनी केला असेल. तिथला ८ ही असाच हातच्याने खाल्लेला आहे.) बहुतेक पुस्तके या ठिकाणी 'हा आकृतिबंध नऊपर्यंतच चालतो' असे लिहून पान उलटतात. विद्यार्थ्यांनाही आपण तेच सांगतो. माझ्या मते खरी मौज इथे सुरू होते.

त्यासाठी कापरेकरांची दुसरी एक कल्पना हाताशी घेऊ. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा : २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. मूळ संख्येत जितके अंक असतील तितके अंक वर्गाच्या उजवीकडून तोडायचे, उरलेले डावीकडे ठेवायचे, आणि बेरीज मूळ संख्येइतकी येते का पाहायचे. येत असेल तर ती 'कापरेकर संख्या'.

आपल्या बिघडलेल्या वर्गाचे असे दोन तुकडे करू. मूळ संख्या दहा अंकी, म्हणून उजवीकडे दहा अंक :

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

म्हणजे जिथे अद्भुत डेम्लो संख्यांची मालिका तुटते, नेमक्या त्याच ठिकाणी कापरेकर संख्या उभी राहते. हा योगायोग असेल का? तपासायचे तर सगळ्याच एकपंक्तींचे वर्ग याच रीतीने तोडून पाहावेत :

१ | २१, बेरीज २२
१२ | ३२१, बेरीज ३३३
१२३ | ४३२१, बेरीज ४४४४
१२३४ | ५४३२१, बेरीज ५५५५५

असे करीत करीत

१२३४५६७८ | ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९
१२३४५६७९० | ०९८७६५४३२१, बेरीज ११११११११११
१२३४५६७९०१ | २०९८७६५४३२१, बेरीज २२२२२२२२२२२

शेवटची ओळ अकरा अंकी एकपंक्तीची आहे. बारा अंकीचा वर्ग स्वतः काढा, तुम्हाला ३ या अंकाची बारा घरांची माळ मिळेल. आकृतिबंध तुटलेला नव्हता. वर्गाचे अंक नुसते डोळ्यांनी वाचले तर तो नऊनंतर हरवतो, दोन तुकड्यांच्या बेरजेत मात्र तो नऊवरून पुन्हा एकावर येतो आणि नव्याने सुरू होतो. घड्याळाचा काटा बारावरून एकावर येतो, तसे हे नऊ तासांचे घड्याळ आहे.

नियम मांडू : एकपंक्तीत जितके एक असतील त्या संख्येच्या अंकांची बेरीज करीत करीत एक अंक उरेपर्यंत जा. त्याच अंकाची माळ मिळते. अकरा एक, १ + १ = २. एकोणीस एक, १ + ९ = १०, १ + ० = १. म्हणून एकोणीस अंकी एकपंक्तीही कापरेकर संख्या असली पाहिजे. अठ्ठावीस अंकीसुद्धा.

याची सिद्धता नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल इतकी साधी आहे आणि ती नऊच्या कसोटीवरच उभी आहे. ४५६ ला नऊने भागले तर जी बाकी राहते तीच ४ + ५ + ६ ला भागल्यावर राहते, कारण १०० म्हणजे ९९ अधिक १ आणि १० म्हणजे ९ अधिक १. अंक एकेक न घेता दोन-दोनच्या गटाने घेतले तर हीच कसोटी ९९ साठी चालते, तीन-तीनच्या गटाने घेतले तर ९९९ साठी. आपण वर्गाचे दोन तुकडे करून जी बेरीज घेतली ती नेमकी हीच कृती आहे. दहा अंकी एकपंक्तीच्या वर्गाचे तुकडे केले तेव्हा बेरजेला आणि वर्गाला ९९९९९९९९९९ ने (दहा नवांनी) भागल्यावर बाकी सारखीच राहणार.

आता एकपंक्तीला 'क' म्हणू. तितक्याच लांबीची नवांची पंक्ती म्हणजे ९क. प्रश्न एवढाच उरतो की क × क ला ९क ने भागल्यावर बाकी किती? क ला नऊने भागले असता बाकी 'ब' राहते असे समजा, म्हणजे क = ९प + ब. मग

क × क = ९क × प + ब × क

बाकी राहिली ब × क, म्हणजे 'ब' या अंकाची माळ. आणि 'ब' म्हणजे काय? क च्या अंकांची बेरीज म्हणजे त्यात जितके एक आहेत ती संख्या, आणि तिला नऊने भागल्यावरची बाकी. (बाकी शून्य आली तर तिथे ९ घ्यावेत, कारण दोन तुकड्यांची बेरीज शून्य होऊ शकत नाही.) दोन तुकड्यांची बेरीज ब × क इतकीच का, त्यात आणखी ९क का मिळवलेले नसावेत, ही शंका जागरूक विद्यार्थी काढेल. त्याचे उत्तर आकारमानात आहे. तसे झाले तर बेरीज निदान १०क होईल. दहा अंकी पंक्तीत १०क म्हणजे अकराशे अकरा कोटींच्या वर. उजवा तुकडा दहा अंकी, म्हणजे हजार कोटींच्या आतला, आणि डावा तुकडा तेरा कोटींहूनही लहान. दोघे मिळून तिथवर पोहोचूच शकत नाहीत. इतर लांबींनाही हेच प्रमाण लागू पडते, कारण डावा तुकडा नेहमी उजव्याच्या कमाल आकाराच्या सुमारे एक-एक्क्याऐंशांशच असतो.

इथे एका जुन्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. रामानुजनना जगापुढे आणणारे केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले आहे. या चार अंकी संख्या त्यांच्या उलट्या संख्यांच्या पटीत आहेत (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९). असली तथ्ये कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितीला त्यांत घेण्यासारखे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. कापरेकरांच्या कामाकडे याच नजरेने पाहणारे बरेच होते. माणसाला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धती वापरतो. बोटे आठ असती तर ही सगळी चमत्कृती कुठे गेली असती, असा हा युक्तिवाद आहे. (गंमत म्हणजे ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे आणि ९८ + ०१ = ९९. हार्डींनी हाताने बाजूला सारलेली संख्या कापरेकरांच्या यादीत आहे.)

आक्षेप पोकळ नाही. एखाद्या संख्येचा गुण तिच्या लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असेल तर तो संख्येचा गुण की लिपीचा, हे विचारलेच पाहिजे. तेव्हा आठ बोटांच्या माणसाला विचारून पाहू. त्याच्याकडे ० ते ७ असे आठच अंक. त्याच्या मांडणीत स्तंभात सातपर्यंत एक आले तरी हातचा लागत नाही, म्हणून त्याची अद्भुत मालिका १२३४५६७६५४३२१ ला शिखर गाठेल. आठ अंकी एकपंक्तीत हातचा येईल आणि त्याच आठ अंकी पंक्तीत कापरेकरांचा गुण उगवेल. सिद्धतेत जिथे जिथे नऊ आला तिथे सात घाला, एक शब्दही बदलावा लागत नाही.

हे पडताळायला तीनच अंकांची पद्धती सोपी. तिच्यात स्थाने एक, तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी अशी वाढतात. ११ म्हणजे आपले चार. चाराचा वर्ग सोळा, म्हणजे एक नऊ, दोन तीन आणि एक : १२१. इथपर्यंत मालिका ठीक. १११ म्हणजे तेरा. त्याचा वर्ग एकशे एकोणसत्तर, म्हणजे दोन एक्क्याऐंशी, दोन तीन आणि एक : २००२१. चढण बिघडली. आता उजवीकडून तीन अंक तोडा. २० म्हणजे सहा, ०२१ म्हणजे सात, बेरीज तेरा. पुन्हा १११.

म्हणजे नऊ हा आकडा बोटांनी ठरवला हे खरे, पण 'पायापेक्षा एक कमी इतक्या लांबीला मालिका शिखर गाठते आणि पायाइतक्या लांबीला पुन्हा एकावर येते' हे विधान कोणत्याही पायाला लागू आहे. हार्डींना हे किती रुचले असते ते सांगता येत नाही, पण एवढे पाहिल्यावर याला नुसते कोडे म्हणायला माझे मन घेत नाही. कापरेकरांच्या बाजूनेही एक सांगायला हवे. उदाहरणे शोधणे हे त्यांचे बळ होते. शेकडो उदाहरणे हाताने काढल्याशिवाय कुठला गुण पायावर टिकून आहे आणि कुठला नुसता आकड्यांचा योगायोग आहे, हे विचारण्यासारखी सामग्रीच जमत नाही.

आपल्या सतरा अंकी संख्येकडे परत येऊ. तिचे अवयव सहज पडतात. १११११११११ = १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. ३७ आणि ३३३६६७ या दोन्ही मूळ संख्या आहेत. वर्ग केल्यावर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. त्यावरून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला ८१ ने पूर्ण भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हणजे आनंद देणारी असे नाव दिले. पहिल्या नऊ अद्भुत डेम्लो संख्यांपैकी हर्षद तीनच आहेत : १, १२३२१ आणि आपली संख्या. तीनच का, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. एवढी सूचना पुरे की अंकांची बेरीज स्वतःच वर्गसंख्या आहे, म्हणून प्रश्न 'पंक्तीला तिच्या लांबीने भाग जातो का' इतकाच उरतो.

शेवटी कापरेकरांची स्वयंभू संख्येची कल्पना. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ + २ + १ = २४, म्हणजे २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो, उदाहरणार्थ २०, ३१, ४२, ५३. या स्वयंभू. त्यांच्यावरची पुस्तिका कापरेकरांनी १९६३ साली देवळालीहून स्वतःच छापून काढली. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात या संख्यांविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती. १९८६ मध्ये देवळालीलाच त्यांचे निधन झाले.

आपली संख्या स्वयंभू आहे का? सतरा अंकी संख्येचा जनक शोधणे कठीण वाटते, पण जनकाच्या अंकांची बेरीज फार तर १७ × ९ = १५३ असणार. म्हणजे जनक असलाच तर तो मागच्या १५३ संख्यांतच आहे. शिवाय कोणत्याही संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नऊने भागल्यावर बाकी सारखीच राहते. इथे दोन्ही मिळून नऊने भाग जाणारी संख्या व्हायची आहे, तेव्हा जनकाच्या अंकांची बेरीजही नऊच्या पटीत हवी. मागच्या १५३ संख्यांत फक्त शेवटचे चार अंक बदलतात. पहिल्या तेरा अंकांची बेरीज ७१ कायम. मग उरलेल्या चारांची १० किंवा १९ हवी, म्हणजे एकूण ८१ किंवा ९०. दोनच शक्यता. ९० वजा केले तर शेवट ४२३१ येतो, त्याची बेरीज १०, हवी होती १९. जमले नाही. ८१ वजा केले तर शेवट ४२४०, बेरीज १०. जमले. म्हणून १२३४५६७८९८७६५४२४० हा तिचा एकमेव जनक, आणि आपली संख्या स्वयंभू नाही.

तिच्या आठ धाकट्या भावंडांपैकी १ तर उघडच स्वयंभू आहे. १२३२१ आणि पुढच्यांचे जनक याच रीतीने शोधता येतील. फक्त अंकांची बेरीज नऊच्या पटीत नसलेल्या संख्यांच्या बाबतीत बाकीचा विचार थोडा वेगळा करावा लागेल.